तेलाच्या सायकलीचा चिमटा

मला एका जागी बसवत नाही. हा लेख लिहितानासुद्धा मघाशी उठलो, कारण समोरच्या खिडकीच्या गजावर तांबूस ठिपका दिसला. पॉलिश पेपर शोधला, ठिपका घासला, बोटानं चाचपला आणि परत येऊन बसलो, तर काय लिहीत होतो तेच विसरलो. बायको म्हणते, "देवानं तुमाला हात दिले, पर ब्रेक लावायचा इसरला." तिचं काही चूक नाही. येरमाळ्याच्या बसस्टँडमागं सायकली दुरुस्त करण्यात आणि रंगवण्यात माझा जन्म गेला. आता दुकान मुलाकडं आहे. तिथं मोबाईलची कव्हरं आणि चार्जर लटकतात. मागच्या पत्र्याच्या शेडमधला एक कोपरा तेवढा माझ्याकडं उरला आहे. मुलगा त्याला अप्पांचं भंगार म्हणतो, मी दुकान म्हणतो.

रंगकामाबद्दल लोकांचा समज असा की डबा उघडला, ब्रश फिरवला, झालं. रंग हा शेवटचा हात. खरं काम त्याच्या आधीचं, गंज काढायचं. गंजावर रंग मारणं म्हणजे खरूज झालेल्या पोराला नवा सदरा घालणं. दिसायला पोरगं झकास दिसतं, पण खाजवायचं थांबत नाही. आमच्या धंद्यात चांगला रंगारी कोण, तर ज्याचा रंग पाहून लोक नावाजतात तो नव्हे. चार पावसाळ्यांनंतर ज्याच्या रंगाखाली फोड येत नाही, तो. अडचण अशी की चार पावसाळ्यांनंतर रंगाऱ्याचं नाव कुणाला आठवत नाही.

सगळ्यात किचकट काम स्प्रिंगच्या चिमट्याचं. सायकलीचं पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं, त्या तुकड्याला आम्ही चिमटा म्हणतो. जुन्या काळी काही सायकलींना याच चिमट्यापुढं आणखी दोन बारीक पाय आणि वर स्प्रिंग असायची. खड्डा आला की स्प्रिंग दबायची आणि हँडलला धक्का कमी बसायचा. पुढं पोरांच्या सायकलींना मोटरसायकलीसारखे शॉकअप आले, त्यांची तऱ्हा निराळी. जुना स्प्रिंगचा चिमटा आता पाहायला मिळत नाही. मिळाला तर त्याच्या प्रत्येक सांध्यात गंज दबा धरून बसलेला असतो, कारण जिथं दोन लोखंडं एकमेकांवर बसतात तिथं पाणी शिरतं, पण निघत नाही.

तो काढायची रीत सांगतो. आधी रॉकेल पाजून सांधे सैल करायचे. रंग खरवडायचा, मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. एवढ्यानं भागलं नाही तर तेजाब, म्हणजे ॲसिड, पण फडक्यानं आणि वरच्यावर. चिमट्याची नळी पोकळ असते, तिच्यात तेजाब शिरलं तर ते आतून खात बसतं, म्हणून भोकं आधी बुचानं बंद करायची. स्प्रिंगला तर तेजाब दाखवायचंसुद्धा नाही. वरून लखलखीत होते आणि नंतर एक दिवस कडकन तुटते. तेजाब मारलं की लगेच चुन्याची निवळी ओतून ते मारून टाकायचं. आमच्या येडेश्वरीच्या यात्रेत लोक चुनखडीचे खडे वेचतात, त्यामुळं येरमाळ्याच्या माणसाला चुन्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. मग उन्हात वाळवायचं, आणि लोखंड कोमट आहे तोवर रेड ऑक्साईडच्या तांबड्या अस्तराचा हात द्यायचा. उघडं लोखंड वाऱ्यावर ठेवून जेवायला गेलात तर ढेकर द्यायच्या आत ते पुन्हा तांबडं व्हायला लागतं. मी चहासुद्धा उभ्यानं पितो, तो याच सवयीनं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. येडशीच्या रस्त्यावर बालाजीरावांचा धाबा आहे. त्यांनी भंगारातून एक जुनी स्प्रिंगच्या चिमट्याची सायकल उचलली आणि माझ्याकडं आणली.

"अप्पा, गंज काढायचा न्हाय बरं का. गंज दिसला पायजे. वरून नुसतं वार्निश मारा."

"गंजावर वार्निश? कशापायी?"

"भिंतीला टांगायचीय. गिऱ्हाईक फोटू काढतंय. जुनं दिसलं की लोकांस्नी भूक जास्त लागती."

गंज काढण्यात उभी हयात गेली आणि म्हातारपणी गंज जपायची वेळ आली. दात-ओठ खात वार्निश मारलं. त्या धाब्यावर चहाला गेलो की मी भिंतीकडं पाठ करून बसायचो. पण मला सांगायची आहे ती गोष्ट दुसऱ्या सायकलीची. तिच्यावर गंज दिसतच नव्हता.

येरमाळ्यापलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथले दोघंतिघं अजून माझ्यावर रुसलेले आहेत. नवरात्रात आमच्या भागातली गावोगावची पोरं तुळजापूरला जातात, भवानीच्या मंदिरातून ज्योत पेटवून घेतात आणि आळीपाळीनं धावत गावी आणतात. त्या ज्योतीवर घट बसतात. वाटेत ज्योत विझू द्यायची नाही, म्हणून तिला सारखं तेल लागतं. या गावाची रीत अशी की ते तेल विकतचं चालत नाही. घराघरातून पळी पळी करडईचं तेल गोळा होतं, ते एका चरवीत भरतात, आणि ती चरवी सायकलीच्या हँडलला अडकवून एक माणूस धावणाऱ्यांच्या बाजूनं सायकल चालवतो. तेल सांडलं तर कुणाच्या घरचं सांडलं हे कसं सांगणार? म्हणून ते सांडूच नये, आणि म्हणून स्प्रिंगचा चिमटा. वेशीत ज्योत आली की बायका आधी एकच विचारतात, तेल सांडलं का?

हा मान नामदेवअण्णांच्या घराचा. अण्णा म्हणजे उंच, अबोल, सायकलीवर ताठ बसणारा माणूस. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. घरी त्यांची बायको सोजरबाई आणि गावातच पिठाची गिरणी चालवणारी लेक मंगल. घटस्थापना आठवड्यावर आली असताना ही मंगल सायकल हातानं ढकलत माझ्या शेडपुढं येऊन उभी राहिली.

"अप्पा, रंग मारून द्या. औंदा मी चालवणार हाय."

"तू?"

"का? पीठ दळणाऱ्या बाईच्या हातात बळ नसतंय व्हय?"

मग तिनं खरं काय ते सांगितलं. मंडळातल्या पोरांचं म्हणणं, आता टेम्पो आहेच, तेलाचा डबा त्यात ठेवू, सायकल हवी कशाला. जुनी माणसं म्हणाली, मान मोडता येत नाही. शेवटी असं ठरलं की सायकल धडधाकट असली तर मान अण्णांच्या घराकडं. नसली तर यंदापासून टेम्पो.

"एकदा टेम्पो गेला की सायकल कोण इचारतंय, अप्पा? अण्णा गेलं, त्यास्नी कायबी म्हणायचं न्हाय. पर आई वेशीत उभी ऱ्हाती दरवर्षी. औंदा तिनं कुणाची वाट बघायची?"

मी चिमट्यावर हात फिरवला. रंग जाड होता, बोटाला गुळगुळीत लागत होता. अण्णा दरवर्षी घट बसायच्या आधी एक हात रंग द्यायचे, जुना न काढता. रानातल्या म्हसोबाला शेंदूर चढवतात तसा. शेंदराची खोळ वाढत जाते आणि आतला दगड केवढा आहे ते कुणालाच ठाऊक राहत नाही. शिवाय खंडेनवमीला सगळं गाव या सायकलीची पूजा करायचं आणि नारळ फोडायचं तो चिमट्याच्या माथ्यावर, जिथं दोन्ही पाय वर एकत्र येतात नेमका तिथं. नारळाचं पाणी प्यायला गोड, पण त्यात क्षार. ते सांध्यात उतरायचं, आणि वर्षभरात अण्णा त्यावर रंगाचं झाकण घालायचे. म्हणजे एका वर्षाची भक्ती दुसऱ्या वर्षाच्या भक्तीखाली मुरत होती.

मी पाना उचलून चिमट्याच्या पायांवर हलकेच मारला. नळी निरोगी असली की टण् असा आवाज येतो. उजवा पाय वाजला. डावा माथ्याजवळ ठप्प बोलला.

"रंग सगळा काढावा लागंल, मंगल."

"सगळा?"

"लोखंड दिसंपर्यंत."

तिनं चिमट्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "अण्णाचा हात हाय त्यावर." मी खरवडायची पट्टी उचलली. तिनं पदर खोचला आणि हात पुढं केला. "आणा ती पट्टी. दुसऱ्या कुणी खरवडण्यापरीस मीच खरवडती."

चिमटा सायकलीवरून उतरवला, मी बाजूला सरलो आणि ती शेडच्या उंबऱ्यात बसून खरवडू लागली. वरचा भगवा निघाला, खाली हिरवा. हिरव्याखाली मेंदी रंग लागला तशी ती थांबली. "ह्यो माझ्या लग्नाच्या वर्साचा. मांडवाच्या खांबांचा रंग उरला होता." त्याच्या खाली निळा, मग एक चॉकलेटी थर. तो बघून ती म्हणाली, "हे वरीस आजी गेली. अण्णानं उजळ रंग लावला न्हाय त्या वर्साला." रंगाचे कपटे तिच्या मांडीवर पडत होते, ती ते झटकत नव्हती. मला तिथं बसवेना, उठवेना. चहा सांगायला म्हणून बाहेर गेलो आणि चहा न सांगताच परत आलो.

लोखंड लागलं तेव्हा मी पुढं झालो. डाव्या पायाला, माथ्याच्या जरा खाली, पापुद्र्यासारखं काही सुटत होतं. मी स्पोकचं टोक त्यावर टेकवलं, जोर लावला नाही, नुसतं टेकवलं. ते आत गेलं. त्या ठिकाणी लोखंड उरलंच नव्हतं. सगळा भार रंगाच्या थरांनी आणि सवयीनं तोलला होता. दोन-तीन वर्षं तरी अण्णा त्या चिमट्यावर चरवी घेऊन आले असतील.

मंगलनं स्पोककडं पाहिलं, मग माझ्याकडं. "वेल्डिंग करा."

"वेल्डिंगला धरायला लोखंड तर पायजे ना, बाई."

"मग वरून रंग मारा. एवढी एक ज्योत जाऊ द्या, मग मोडंना का."

"येडशीच्या उतारावर मोडला तर? तेल तुझ्या अंगावर, अन् ज्योत तुझ्या बाजूला."

"मग मी अण्णाचा रंग कशापायी खरवडला?"

तिनं कपटे पदरात गोळा केले, पदराची गाठ मारली आणि सायकल माझ्याकडंच सोडून बसनं निघून गेली.

नंतरचे दिवस मी पिसाटासारखा फिरलो. जेवताना उठायचो, शेडमध्ये जाऊन तो पाय पुन्हा वाजवायचो, जसं काही माझ्या वाजवण्यानं तो भरून येणार होता. बायको म्हणाली, "मेलेल्याची नाडी कितीदा बघताव?" कळंबला गेलो, धाराशिवच्या भंगारवाल्यांकडं गेलो, बार्शीला गेलो. शॉकअप म्हटलं की लोक मोटरसायकलीचे पुढं करत. स्प्रिंगचा चिमटा म्हटलं की हसत. एक जण म्हणाला, "अप्पा, असला चिमटा आता फोटोत बघायचा."

फोटो म्हटल्यावर मला एकदम भिंत आठवली.

बालाजीरावांच्या धाब्यावर पोचलो आणि पहिल्यांदाच भिंतीकडं तोंड करून बसलो. खुर्ची ओढली, तिच्यावर चढलो आणि खिशातल्या पान्यानं टांगलेल्या सायकलीचा चिमटा वाजवला. टण्. दुसरा पाय. टण्. जेवणारी गिऱ्हाइकं बघायला लागली. बालाजीराव गल्ल्यावरून उठून आले.

"अप्पा, काय करताव?"

"ह्यो चिमटा मला पायजे."

"अन् माझी भिंत? चिमट्याबिगर सायकल म्हंजी शिंगं मोडलेला बैल."

"त्याच्या बदल्यात दुसरा देतो. भिंतीला टांगायला पोकळबी चालतो. त्याला भोक हाय."

"गंजाचं भोक?" त्यांचे डोळे चमकले. "आरपार?"

"बोट जाईल असं."

"मग लईच भारी. आणा."

मी त्यांना चरवीची आणि मंगलची गोष्ट सांगितली, पण ती सांगायच्या आधीच सौदा झाला होता. माणसाला भोक आवडावं, हे मला तरी नवीनच होतं. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार अजूनही करवत नाही.

निरोप मिळाल्यावर मंगल आली. अण्णांचा चिमटा धाब्यावर जाणार हे तिला सांगताना मी फडक्यानं पाना पुसत होतो. तिनं त्या भोकात बोट घालून पाहिलं. "ऱ्हाऊ द्या तिथं. अण्णास्नी भज्यांचा वास लई आवडायचा." आणि हसली. मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं.

मी मारलेलं वार्निश मीच खरवडलं. खालचा गंज वरवरचाच होता. छपराखाली टांगलेली वस्तू, पाण्याशी गाठ नाही. बुचं लावली, तेजाब फिरवलं, निवळी ओतली, उन्हात धरला, रेड ऑक्साईड दिला. दोन्ही सायकली एकाच घराण्यातल्या, माप जुळलं. पुढचे बारीक पाय आणि स्प्रिंग अण्णांचीच ठेवली. ती मी रॉकेल आणि ब्रशनं हातानं साफ केली. वरचा भगवा हात मंगलनं दिला. एकच. दुसरा द्यायला लागली तसा मी ब्रश काढून घेतला.

सायकल पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. सोजरबाईंनी चिमट्याच्या माथ्यावरून हात फिरवला. मी धीर करून म्हणालो, "वहिनी, खंडेनवमीला नारळ ह्याच्यावर फोडू नका. दगडावर फोडा, पाणी शिंपडा, मग पुसून तेलाचा हात फिरवा."

"देवाला पुसायला सांगताव व्हय, अप्पा?"

"देवाला न्हाय. चिमट्याला."

मंडळाच्या अध्यक्ष पोरानं येऊन सायकल उचलून आपटून पाहिली, चिमटा वाजला तो त्यानंही ऐकला. टेम्पो मागून येईल, पण रिकामा, एवढं कबूल झालं.

ज्योत निघाली तेव्हापासून मला घरात थारा नव्हता. रेड ऑक्साईड नीट वाळला होता ना? माथ्याची बैठक घट्ट आहे ना? वाजवून सगळं कळतं असं थोडंच आहे? मीसुद्धा माणूसच. सकाळी पहिली बस धरून येडशीला गेलो आणि उतार संपतो तिथं रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तिथं गाड्यांचा वेग मोडायला उंचवट्याचे पांढरे पट्टे मारलेत, ओळीनं, हातभर अंतरावर. त्यांच्यावरून सायकल जाणार म्हटल्यावर माझं सगळं लक्ष त्या पट्ट्यांवर लागलं. लोकांनी ज्योतीला हात जोडले. मी चिमट्याला जोडले.

धावणारी पोरं आली, घामानं निथळलेली. बाजूला मंगल, अण्णांसारखीच ताठ. सायकल पट्ट्यांवर चढली, स्प्रिंग दबली, सुटली, दबली, सुटली. मी दिसलो तसा तिनं एक हात सोडून मला हात केला. मी ओरडलो, "हँडल धर!" पण ती पुढं गेली होती. मागच्या रिकाम्या टेम्पोला हात दाखवून मी चढलो. गावापर्यंत रस्ताभर ड्रायव्हरच्या खांद्यावरून मला फक्त एक चाक दिसत होतं.

वेशीत हलगी चालू होती. बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या, पुढं सोजरबाई. मंगल उतरली. सोजरबाईंनी आधी ज्योतीला कुंकू लावलं, मग लेकीकडं वळून दरवर्षीचं विचारलं.

"तेल सांडलं का?"

खोटं बोलली असती तर त्या गर्दीत कुणाला कळलं नसतं. मंगल म्हणाली, "सांडलं. येडशीला, थोडंसं. अप्पा दिसलं, हात केला."

हलगी थांबली. अध्यक्ष पोरानं टेम्पोकडं पाहिलं. सोजरबाईंनी चरवीत डोकावून पाहिलं, आत तेल हलत होतं. मग त्यांनी लेकीच्या चेहऱ्यावरून हात उतरवला.

"मग ते आपल्याच घरचं असंल," त्या म्हणाल्या, आणि हलगीवाल्याला खुणेनं सांगितलं, वाजव.

मी खाली बसून चिमटा बघत होतो. चरवीतून आलेला तेलाचा ओघळ माथ्यावरून डाव्या पायावर उतरला होता, धुळीनं काळपट झालेला. हात सवयीनं खिशातल्या फडक्याकडं गेला. मग मी तो तसाच मागं घेतला. गंजाला तेलासारखं औषध नाही.